शिवाजी पार्क : धुळीपलीकडचा हिशेब

१९२५ साली मुंबई महापालिकेने खुले केलेले माहीम पार्क दोन वर्षांतच शिवाजी पार्क झाले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. या मैदानाने आता शंभरी गाठली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, आचरेकर सरांची नेट्स यांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला पाहायच्या आहेत त्या अलीकडच्या काळात मैदान सुधारण्यासाठी झालेल्या खटपटी, आणि तिथे येणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काय लागले ते.

सगळी चर्चा धुळीभोवती फिरली. लाल माती समुद्राच्या वाऱ्याने उठते आणि समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत जाऊन बसते. २०२१ मध्ये महापालिकेने पावसाचे पाणी मुरवण्याचे काम हाती घेतले. सिमेंटची कडी एकावर एक रचून तीसहून अधिक विहिरी करायच्या, त्यांच्या पाण्यावर फवारे चालवायचे आणि गवत वाढवायचे, अशी ती योजना. मला ती तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण ज्या मैदानावर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत क्रिकेट, फुटबॉल आणि कवायत चालते, तिथे कोवळे गवत पायाखाली किती तग धरणार? सकाळी मारलेले पाणी दुपारच्या उन्हात सुकते, आणि गोलंदाज धावत आला की त्याच्यामागे माती उठतेच. २०२५ उजाडले तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळ वरचा मातीचा थर काढा म्हणून महापालिकेला सांगत होते.

रहिवाशांची तक्रार खरी आहे. दमेकऱ्याला खिडकी लावून बसावे लागणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. तरी मैदान सुधारले की नाही हे केवळ मातीवरून ठरवू नये. पिण्याच्या पाण्याचा नळ जवळ आहे का? नातवंडाला घेऊन आलेल्या आजीला स्वच्छ शौचालय सापडते का? मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ २०११ पासून उभी राहिली, तेव्हा कुठे हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला. मैदानांच्या आराखड्यांत मात्र तो अजूनही फवाऱ्यांच्या मागेच राहतो.

आणि हे जमत नाही असे म्हणायला जागा नाही, कारण याच मैदानावर दरवर्षी ते जमवले जाते. ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाला, जवळच्या चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे रात्रभर मैदानात मुक्काम करतात. त्यांच्यासाठी महापालिका मांडव घालते, नळ जोडते, टँकर, फिरती शौचालये, स्नानगृहे आणि आरोग्य कक्ष उभे करते, फोन चार्ज करायचीही सोय करते. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर आच्छादन पसरते. पाइपला ओळीने बसवलेल्या तोट्यांपाशी पहाटे तोंड धुणाऱ्यांची रांग लागते. पलीकडे पुस्तकांच्या स्टॉलवर गठ्ठे सुटत असतात, आणि कट्ट्यावर कुणाचे ओले लुगडे वाळत पडलेले असते. २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस ऐन ५ डिसेंबरला कोसळला आणि मैदानात चिखल झाला. तेव्हा पालिकेच्या शाळा उघडून लोकांना आसरा दिला गेला. २०२० मध्ये कोविडमुळे लोकांना घरूनच अभिवादन करायला सांगावे लागले.

या सोयी सरकारी कृपेने आलेल्या नाहीत. लोक दरवर्षी येत राहिले, मागत राहिले, म्हणून त्या वाढल्या. मुलांना खेळायला घेऊन येणारे पालक आणि भरदुपारी कट्ट्यावर टेकणारे कामगार यांचा असा एक दिवस नसतो, त्यामुळे त्यांची मागणी कुणाच्या टिपणात उतरत नाही. डिसेंबरची गर्दी ओसरली की मांडव सुटतात, शौचालये गाड्यांवर चढतात.

महापालिकेच्या जी उत्तर विभागाने मैदानाचा पुढचा आराखडा करताना त्या तोट्यांपैकी काही मैदानाच्या कडेला कायमच्या ठेवाव्यात, आणि बायकांसाठी नीट दिवे असलेले, झाडलोटीला माणूस नेमलेले शौचालय सगळ्यांत आधी लिहावे. विहिरींत पाणी मुरवायला निघालेल्या पालिकेला माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी योजना लागू नये.