गाणं गावभर वाजतं, पण लिहिणाऱ्याचं नाव कुठं?

सिन्नर : लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, गाणं डीजेवर वाजतं, यूट्यूबवर फिरतं. गायकाचं नाव येतं, कंपनीचं येतं. लिहिणाऱ्याचं मात्र बऱ्याचदा गाळलं जातं. गावाकडं गाणी रचणाऱ्या पोरांनी लोककवी वामनदादा कर्डक यांच्याकडून इथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे.

वामनदादा याच तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा. शाळा नशिबात नव्हती. मुंबईत मोलमजुरी करताना एकानं पत्र वाचायला दिलं, ते वाचता आलं नाही. ही गोष्ट मनाला लागली आणि ते मोठेपणी अक्षरं शिकले. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं. पुढं बाबासाहेबांचा विचार घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरले, हजारो गाणी रचली. २००४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची कितीतरी गाणी इतरांनी गायली, तरी ती ओळखू येतात. कारण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेलं असायचं. संतांच्या अभंगातली नाममुद्रा तीच. नाव काढलं की कडवंच मोडतं.

नाममुद्रेनं नाव टिकतं, पैशासाठी मात्र कागद लागतो.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली.

• स्वतः रचलेलं गाणं वहीत उतरलं की हक्क लिहिणाऱ्याचा. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते.

• चाल जुनी, पारंपरिक असली तरी नवे शब्द लिहिणाऱ्याचेच.

• हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

• एकरकमी पैसे घेऊन गाणं दिलं तरी पुढच्या रॉयल्टीतला वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. तसा करार कायद्यात टिकत नाही.

• हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे.

• गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. त्यासाठी सभासद व्हावं लागतं.

गाणं रचलं की वहीत तारीख टाकून ठेवा. स्टुडिओवाल्यानं कागद पुढं केला तर घरी आणा, जाणत्याकडून वाचून घ्या, मगच सही करा.