माळवद, गच्ची आणि परागवाहक कीटक

बीड जिल्ह्यांतील जुन्या गांवांत धाब्याचीं घरें अद्याप दृष्टीस पडतात. लांकडी तुळयांवर आडव्या काटक्या, त्यांवर पाला, चिखल आणि शेवटीं पांढरीच्या मातीचा जाड थर, ही माळवदाची रचना आमच्या वाचकांस सांगावयास नको. पावसाळ्यांत या मातीवर गवत माजे. गळती लागेल म्हणून घरधनी तें उपटून टाकी. तथापि कडेच्या भिंतीलगत कंबरमोडी, घोळ आणि कुसळी तग धरीत. युरोपांतील नगरांत छपरावर माती घालून वनस्पति वाढविण्याची जी चाल पडली आहे, तिचा विचार करितांना आम्हांस प्रथम या माळवदांचें स्मरण होतें.

तेथें जें हेतुपुरःसर केलें जातें, तें येथें नकळत घडत होतें. मधमाशी म्हटली कीं आपणांस पोळें आठवतें. परंतु माश्यांच्या पुष्कळशा जाती एकएकट्या राहतात. त्यांपैकीं कित्येक कोरड्या मातींत बीळ पोखरून अंडीं घालतात. पानें गोल कातरून घरटें करणारी माशी आणि तुळईचें लांकूड पोखरणारा काळा भुंगा हे तुरीच्या फुलावरील मुख्य पाहुणे होत. तें फूल दाबून उघडण्याइतकें बळ त्यांच्या अंगीं असतें. कुंभारीण भिंतीवर मातीचें गाडगें बांधिते व पिल्लांच्या बेगमीसाठीं त्यांत अळ्या भरून ठेविते. घरांतील मंडळी तें गाडगें झाडूनें पाडितात, ही गोष्ट वेगळी!

म्हणून माळवदाकडे परत जावें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंती व जड धाब्यांखालीं गाडलीं गेलीं. त्यानंतर अनेकांनीं पत्रा किंवा स्लॅब पत्करला तो जिवाच्या भीतीनें, हौसेनें नव्हे. परंतु उघडा स्लॅब कीटकांस अन्न देत नाहीं व आसराहि देत नाहीं. लहान जातींच्या माश्या घरट्यापासून कांहीं शें मीटरांपलीकडे सहसा जात नाहींत. बांध कोरून झुडुपें नाहींशीं झालीं आणि शिवारालगत केवळ सिमेंटच राहिलें, तर फुलोऱ्याच्या वेळीं त्या कोठून येणार?

स्वित्झर्लंडमधील झूरिक शहरीं १९१४ सालीं बांधलेल्या पाणी गाळण्याच्या कारखान्याच्या छपरावर स्थानिक कुरणाची माती घातलेली आहे. भोंवतालचीं तशीं कुरणें पुढें दुर्मिळ झालीं. छपरावर मात्र दीडशेंहून अधिक जातींच्या वनस्पति टिकल्या व त्यांत ऑर्किडच्या नऊ जाती आहेत. बाझेल शहरानें २००२ पासून नव्या सपाट छपरांवर हिरवळ सक्तीची केली. तेथें असें आढळलें कीं, माती सर्वत्र सारखी पसरण्यापेक्षां कोठें उंचवटा, कोठें नुसती रेती ठेविली आणि माती त्याच भागांतील असली, तर भुंगेरे व कोळी यांच्या अधिक जाती वस्तीस येतात.

आमच्याकडे हा प्रयोग शेतांतील किंवा तालुक्याच्या गांवीं असलेल्या पक्क्या गच्चीवर करितां येईल. दहा सेंटिमीटर जाडीच्या ओल्या मातीचें वजन दर चौरस मीटरास दीडशें ते दोनशें किलो होतें. म्हणून अभियंत्यास विचारल्यावांचून एक पाटीहि वर चढवूं नये. आधीं गळतीबंद थर व पाण्याची वाट करावी. काळी माती नको. ती पाणी धरून जड होते. मुरूम व हलकी माती मिसळावी, कोपऱ्यांत एखादा वाळका ओंडका ठेवावा आणि औषध फवारूं नये.

यानें सर्वच साधेल असें नाहीं. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळाचें परागसिंचन बारीक भुंगेरे करितात. ते कुजक्या फळांत वाढतात. त्यांस गच्चीचा उपयोग थोडाच. त्यांच्यासाठीं झाडाखालचा पाला जाळूं नये, इतकें पुरे.

गच्चीचें काम वैशाखांत उरकावें. मृगाच्या पावसानंतर तीळ व तुळशीचें बीं फोकावें. घोळ आणि कंबरमोडी आपोआप येतील. पुढील उन्हाळ्यांत सर्व वाळून गेलें तरी माती उकरूं नये, कारण माश्यांचीं पिल्लें त्या वेळीं बिळांत पावसाची वाट पाहत असतात.