लेकरं शिकायला निघाली, राहायची सोय कुणी करायची?

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांतून चांगल्या बातम्या ऐकू येतात. कुणाचा मुलगा एम.एस्सी.ला लागला, कुणाच्या मुलीला एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश मिळाला. पेढे वाटले जातात. विहारात सत्कार होतो, भाषणे होतात. अशी भाषणे आम्हीही पुष्कळ केली आहेत. पण 'बाळ, तू तिकडे राहणार कुठे?' असे त्या सत्कारात कोणी विचारीत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला, तेव्हा आमचे डोळे उघडले. म्हणून हा लेख.

आमचा धाकटा भाऊ हिंगोलीच्या मोंढ्यात हमाली करतो. त्याच्या मुलीने बी.ए.ला अर्थशास्त्रात चांगले गुण मिळवले आणि तिला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला. घरातून एवढ्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच. वसतिगृहाच्या यादीत मात्र तिचे नाव लागले नाही. वर्ग सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. भाऊ म्हणाला, "दादा, तू ऑफिसातला माणूस. तूच जा तिच्यासंगं." आम्ही तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि पुतणीला घेऊन रात्रीच्या एस.टी.ने निघालो. सकाळी वाकडेवाडीला उतरलो तेव्हा एक बॅग, एक वळकटी, वहिनीने दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा आणि खिशात दहा हजार रुपये होते.

"म्हणजे आपल्यातलेच ना?"

पुण्याच्या पेठांत भिंतींवर आणि खांबांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: 'मुलींसाठी कॉट बेसिस'. कॉट बेसिस म्हणजे अख्खी खोली नव्हे. एका खोलीत तीन-चार कॉट टाकलेल्या असतात, त्यातल्या एका कॉटचे भाडे आपण द्यायचे. गरिबाच्या मुलांना हेच परवडते.

पहिल्या घरच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी पाणी दिले, खोली दाखवली, नळ किती वाजता येतो तेही सांगितले. भाडे तीन हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचे. आम्ही खिशात हात घातला, तेवढ्यात त्यांनी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आमचे आडनाव गावावरून पडलेले. त्यावरून त्यांना काही उलगडा झाला नाही. "म्हणजे आपल्यातलेच ना?"

पुतणी म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत."

बाईंचा आवाज चढला नाही की चेहरा बदलला नाही. "अहो, एका मुलीनं आधी विचारून ठेवलंय. तिचं कळलं की फोन करते." त्यांनी आमचा नंबर लिहून घेतला. फोन आला नाही. संध्याकाळी त्याच रस्त्याने गेलो तर चिठ्ठी जागच्या जागी होती.

दुसऱ्या घरी मांसाहार चालणार नाही असे सांगितले. मुलगी खोलीत काही शिजवणार नाही, मेसला जेवेल, असे आम्ही म्हणालो. त्यावर उत्तर आले, "तसं नाही हो, घरात देवघर आहे." पुढे बोलण्यासारखे काही राहिले नाही.

तिसऱ्या ठिकाणी एजंट भेटला. तो अनुभवी होता. म्हणाला, "काका, तुम्ही काही बोलूच नका. विचारलंच तर मराठा म्हणा. इथं कोण दाखला बघतंय?" आता जे घडले ते लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. चौदा एप्रिलला स्टेजवरून गरजणारे आम्ही, त्या जिन्यात उभे राहून पुतणीला हळूच म्हणालो, "गप राहा. एकदा खोली हातात येऊ दे."

ती आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, मग बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षं बॅगेतच ठेवू का? आईनं फोनवर जयभीम म्हटलं तर काय म्हणू? पौर्णिमेला विहारात खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं, आणि इथं रोज खोटं बोलायचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. एजंटला नमस्कार केला आणि जिना उतरलो.

सगळे पुणे एकाच मापाने मोजू नये, म्हणून चौथ्या घराचेही सांगतो. कोथरूडला एक निवृत्त शिक्षक भेटले. आम्ही आधीच बौद्ध असल्याचे सांगितले तर म्हणाले, "मी विचारलं का? भाडं वेळेवर द्या आणि रात्री फाटक लावत जा." पण त्यांच्या खोलीचे भाडे सात हजार होते. ते आम्हाला झेपणारे नव्हते. रात्र वाकडेवाडीच्या स्थानकावर, बाकड्यावर बसून काढली.

बाबासाहेबांनाही घर नाकारले होते

त्या बाकड्यावर बडोद्याची हकीकत आठवली. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. परदेशात एका छताखाली राहताना जात आडवी आली नाही.

तेच बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा अख्ख्या बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, त्यांनी एक खोली मिळवली. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत खोली खाली कर असे धमकावून गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राला आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारले. दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते पाच तास कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे लिहिले आहे. ही गोष्ट आठवली की आपल्या डोळ्यांत पाणी येते, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

वाचकहो, ही हकीकत आम्ही भाषणांतून अनेकदा सांगितली होती. पण तिच्यातली एक गोष्ट त्या रात्री प्रथमच नीट कळली. दुसरे नाव सांगून मिळवलेला निवारा बाबासाहेबांनाही अकरा दिवसांपेक्षा जास्त पुरला नाही. मग आमच्या पुतणीला तो दोन वर्षे कसा पुरणार? रोज कुणी ओळखेल का ही धास्ती घेऊन अर्थशास्त्राचा अभ्यास कसा होणार?

हा केवळ आमच्या एका घरचा अनुभव नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबाबत पाहणी केली आणि ती २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाली. उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांनी घरमालकांना फोन केले गेले. उच्चवर्णीय नावाला एकानेही नकार दिला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के मालकांनी सरळ नकार दिला. शिवाय कित्येकांनी जास्तीच्या अटी घातल्या त्या वेगळ्याच.

बोपोडीची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोपोडीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याला फोन केला. पूर्वी शिबिरांत बरोबर काम केलेला माणूस. तो पहिल्यांदा रागावलाच. "काल का नाही फोन केला?" खरे सांगायचे तर संकोच वाटला होता. आपले ओझे दुसऱ्यावर कशाला, असे वाटले होते.

तो आम्हाला विहारात घेऊन गेला. वंदना झाल्यावर त्याने तिथल्या महिलांना अडचण सांगितली. एका शाळेत सेविका असलेल्या एक विधवा ताई पुढे आल्या. त्यांच्या घरची वरची खोली होती. त्यात लातूर आणि वाशिमकडच्या दोन मुली आधीपासून राहत होत्या, तिसरीची जागा होती. भाडे अडीच हजार. डिपॉझिट नाही. ताईंनी आडनाव विचारले नाही. विचारले ते एवढेच, "पोरी, जेवलीस का?"

खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होताच. पुतणीने आपला फोटो बॅगेतून काढून पुस्तकांजवळ ठेवला.

काही बांधव म्हणतील, म्हणजे आपण आपल्याच वस्तीत कोंडून घ्यायचे का? मुळीच नाही. कुठल्याही पेठेत, कुठल्याही सोसायटीत राहण्याचा आपला हक्क आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण ते भांडण आपण मोठ्यांनी करायचे. परीक्षेला बसणाऱ्या मुलीला त्यासाठी रस्त्यावर ठेवता येत नाही.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, प्रवेशाचा अर्ज भरतानाच वसतिगृहाचाही अर्ज भरावा. कॉलेजचे वसतिगृह वेगळे आणि समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह वेगळे. दोन्हीकडे अर्ज करावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. आमचे आठ दिवस या धावपळीतच गेले.

दुसरी गोष्ट, वसतिगृहात नंबर लागला नाही तर 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. उत्पन्नाची, गुणांची आणि हजेरीची अट आहे. चालू वर्षाच्या अटी व मुदत आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचाराव्यात.

आता हिशेब करू. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. आमच्या पुतणीचे भाडे २,५००. म्हणजे दर महिन्याला ८३३ रुपये घरून घालावे लागतात, वर्षाला जवळपास दहा हजार. शिवाय ही रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात येईल असे धरून चालू नये. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज आधीच करावी. मोठा मंडप आणि डी.जे. यांवरचा खर्च थोडा आवरला तर एका वस्तीला एका विद्यार्थ्याचे सहा महिने सहज भागवता येतील.

तिसरी गोष्ट, कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ओळखीचे घर असले तरी संकोच करू नये. डिपॉझिट दिले तर पावती घ्यावी किंवा बँकेतून द्यावे. सोडताना किती दिवस आधी सांगायचे, वीजबिल कुणी भरायचे, हे करारात लिहून घ्यावे.

चौथी गोष्ट, खोली दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा बघावी. गल्लीत दिवा आहे का, आतून कडी नीट लागते का, दुसरी किल्ली कुणाकडे असते, संडास किती जणांत आहे, शेवटची बस कधीची, हे पाहावे. मुलीला तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींशी एकटीने बोलू द्यावे. आपल्यासमोर त्या खरे सांगत नाहीत.

पाचवी गोष्ट, आपण कोण हे पैसे देण्याआधी सांगावे. नकार येईल तो त्याच दिवशी येईल. परीक्षेच्या तोंडावर वळकटी रस्त्यावर येणार नाही.

विहारात एक वही ठेवा

तथागतांनी भिक्षूंच्या चार मूलभूत गरजा मानल्या: चीवर, भोजन, निवास आणि औषध. घरदार सोडलेल्या भिक्षूलाही निवारा लागतो, मग अठरा-वीस वर्षांच्या लेकरांना का लागणार नाही? बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकायचे तर आधी टेकायला जागा हवी, हे त्यांना बडोद्याने शिकवले होते.

प्रत्येक गावाला वसतिगृह बांधणे आपल्या आवाक्यात नाही. पण पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक येथील प्रत्येक विहार समितीला एक दोनशे पानी वही ठेवता येईल. आपल्या वस्तीत कुणाकडे खोली आहे, भाडे किती, किती जणांची सोय, पाणी कधी येते, फोन नंबर काय, एवढे तीत लिहावे. गावाकडच्या समित्यांनी मे महिन्यातच त्यांना फोन करून, आमची अमुक मुले येत आहेत असे कळवावे. खर्च वहीचा आणि फोनचा.

आमच्या समितीने हे यंदा सुरू केले. वस्तीतून दोन मुले बाहेर गेली, एक पुण्याला, एक नागपूरला. दोघांची राहायची सोय घर सोडण्याआधी ठरलेली होती. सत्कार झाला तेव्हा भाषण आम्हीच केले. पण या वेळी भाषण थोडक्यात आटोपले आणि मुलांच्या हातात फुलांऐवजी खोलीचा पत्ता लिहिलेला कागद दिला.

आपल्या विहारातही ही वही याच महिन्यात सुरू करावी, ही सर्व बंधू-भगिनींना नम्र विनंती.

जयभीम!