नैराश्य : वेळीच ओळख, अचूक निदान आणि उपचार

लखनौ जिल्ह्यातील मलिहाबाद हा तालुका दशहरी आंब्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. येथील अनेक कुटुंबांचे वर्षभराचे उत्पन्न एकाच हंगामावर अवलंबून असते. मोहोर गळाला, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव झाला किंवा बाजारभाव कोसळला की बागायतदारांच्या घरी चिंता पसरते. ही चिंता स्वाभाविक आहे. मात्र, तिच्या आडून नैराश्याचा आजार शिरल्यास तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. 'पीक गेले म्हणून गप्प असतो', असे म्हणून कुटुंबीय स्वतःचे समाधान करून घेतात. कोकणातील हापूस उत्पादक किंवा विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या बाबतीतही चित्र फारसे वेगळे नाही.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार, दर २० प्रौढ व्यक्तींमागे सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो. विविध मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचेही या सर्वेक्षणात आढळले.

दुःख आणि आजार यांतील फरक

दुःखाला बहुधा कारण असते आणि काळानुसार ते ओसरते. दुःखी व्यक्ती अधूनमधून हसते, नातवंडांत रमते. नैराश्यात मात्र दिवसाचा बहुतांश वेळ, जवळजवळ दररोज, किमान दोन आठवडे मन खिन्न राहते किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस नाहीसा होतो. त्याच्या जोडीला झोप व भूक कमी किंवा जास्त होणे, सतत थकवा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव, अपराधीपणाची भावना आणि मृत्यूचे विचार ही लक्षणे असतात. अशी किमान पाच लक्षणे एकत्र दिसली आणि दैनंदिन कामकाजात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. आजारामागे कारण दिसते, म्हणून तो आजार नव्हे, असे मानणे चुकीचे आहे.

रुग्णाची भाषाही समजून घ्यावी लागते. 'मला नैराश्य आले आहे', असे सहसा कोणी सांगत नाही. उत्तर भारतातील रुग्ण 'जी घबराता है' अशी तक्रार करतो, तर मराठी रुग्ण 'करमत नाही', 'डोके जड वाटते', 'अंगात त्राण नाही', असे म्हणतो. त्यामुळे अनेक रुग्ण महिनोन्‌महिने केवळ अंगदुखी किंवा अपचनावर औषधे घेत राहतात.

निदान कसे होते ?

नैराश्य दाखवणारी कोणतीही रक्तचाचणी नाही. रुग्णाशी आणि त्याच्या निकटवर्तीयांशी सविस्तर बोलूनच निदान केले जाते. प्राथमिक तपासणीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे गुण शून्य ते २७ असे असतात आणि १० किंवा अधिक गुण मिळाल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय किंवा 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून त्या चाचण्या करून घेतल्या जातात.

पूर्वी कधी विलक्षण उत्साह, अत्यल्प झोप घेऊनही थकवा न जाणवणे, अखंड बडबड किंवा बेसुमार खर्च असे दिवस येऊन गेले का, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. तसे असल्यास तो द्विध्रुवी विकार असू शकतो. या विकारात केवळ नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो. त्यासाठी लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे दिली जातात. लिथियम घेताना रक्तातील त्याचे प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य नियमित तपासावे लागते.

उपचार

सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधांचीही गरज भासते. औषधांचा परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. 'गुण येत नाही', म्हणून पहिल्याच आठवड्यात औषध सोडणे ही सर्वसाधारण चूक आहे. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध सुरू ठेवावे लागते. या औषधांचे व्यसन लागत नाही. परंतु ती एकाएकी बंद करू नयेत.

मनोविकारतज्ज्ञांची संख्या अपुरी असताना काय करता येते, याची उदाहरणे गोवा आणि विदर्भात आहेत. गोव्यातील 'संगत' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ सत्रांत उपचार करून घेतले. रुग्णाने टाळलेली छोटी-छोटी कामे पुन्हा सुरू करावीत, यावर त्यांचा भर होता. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांना अधिक लाभ झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प राबवण्यात आला. तेथे उपचारासाठी संपर्क साधणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

कुटुंबीयांनी काय करावे ?

'मन घट्ट कर', असा उपदेश करण्याऐवजी रुग्णाचे शांतपणे ऐकून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे थेट विचारावे. विचारल्यामुळे असे विचार बळावत नाहीत, उलट मोकळे होण्यास वाट मिळते. होकार आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. शेतकरी कुटुंबांनी कीटकनाशके कुलूपबंद ठेवावीत. ही साधी खबरदारी प्राण वाचवू शकते.

मलिहाबादच्या रहिवाशांसाठी लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मनोविकार विभाग आहे. अन्यत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत चोवीस तास सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच आरोग्य विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे.