पटावरील पलटण आणि बोरघाटाची वाट

लढाई पटावर मांडून खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. ब्रुन्सविक येथील हेलविग याने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना मांडला. पुढे १८२४ मध्ये रायस्विट्झ याचा खेळ प्रशियाच्या लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. त्यात चौकोनांच्या जागी नकाशा आला, फासे आले आणि निवाडा करणारा पंचही आला. अठराव्या शतकातील लढाया अशा रीतीने खेळणारे लोक आजही पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. रांगेत लढणारे कवायती पायदळ आणि पांगून लढणारे हलके पायदळ यांचे बळ एकाच मापाने मोजावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीत जाण्याचे कारण नाही. हेलविगचा पट निघाला त्याच सुमारास पनवेल ते बोरघाट या वाटेवर हाच प्रश्न प्रत्यक्ष रणात सुटत होता. उलवे गावाच्या उत्तरेस पनवेलची खाडी आहे. मुंबईहून इंग्रजांची गलबते माणसे, तोफा आणि धान्य घेऊन याच खाडीने पनवेलच्या बंदरी लागत.

प्रथम रांगेचा विचार करू. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. शंभर पावलांपलीकडे नेमका एक माणूस टिपणे जवळजवळ अशक्यच होते. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. म्हणून शेकडो शिपाई दोन किंवा तीन ओळींत खांद्याला खांदा लावून उभे करावयाचे, हुकुमासरशी एकदम फैर झाडावयाची आणि शत्रू डळमळला की संगिनी रोखून पुढे जावयाचे, अशी ही पद्धत होती. तिचे सारे सामर्थ्य एकजुटीत होते. ओढा, कुंपण, खडक किंवा झाडी आडवी आली की ओळ वाकडी होई आणि ती सरळ करण्यात वेळ जाई.

हलक्या पायदळाची रीत याच्या उलट. ऑस्ट्रियाच्या फौजेतील क्रोट शिपाई या कामासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजांनीही १७७० च्या सुमारास आपल्या प्रत्येक पायदळ पलटणीत हलक्या शिपायांची एक तुकडी ठेवण्यास सुरुवात केली. हे शिपाई जोडीजोडीने पांगत. एक बार काढी तेव्हा दुसरा बंदूक भरी. झाड, बांध, दगड यांचा आडोसा घेऊन ते लढत. रांग चालून आली की मागे सरत, ती थांबली की पुन्हा पुढे येत. मोकळ्या मैदानात घोडेस्वारांनी गाठले तर मात्र त्यांचा निभाव लागत नसे.

मराठ्यांना कवायती रांग अपरिचित होती असे नव्हे. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहीमखानाचे गारदी याच पद्धतीने लढले होते. तथापि शत्रूस पांगून सतावण्याचे काम त्यांच्याकडे मुख्यतः घोडदळ करी आणि घाटाच्या रानात बंदूकवाले पायदळ त्यास साथ देई.

या दोन रीतींची गाठ पनवेलच्या वाटेवर दोनदा पडली. १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची इंग्रज फौज पनवेलवरून घाट चढली. तिच्याबरोबर एकोणीस हजार बैल होते. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावास पोहोचली, तो गाव जाळलेला आणि दाणावैरण नाहीशी झालेली! माघार घेताना वडगाव येथे ती वेढली गेली आणि तिला तह करावा लागला.

दुसरा प्रसंग खेळणाऱ्यास अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड याच्या फौजेने बोरघाट घेतला. पुण्यास धाक पडून नाना फडणीस तह करतील, अशी त्याची अटकळ होती, ती फसली. गॉडर्ड घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस अडकून पडला आणि सुमारे वीस मैलांवरील पनवेलहून येणाऱ्या रसदेवर परशुरामभाऊ पटवर्धन हल्ले करू लागले. अखेर एप्रिलमध्ये गॉडर्ड मागे फिरला, तेव्हा हरिपंत फडके व तुकोजी होळकर घाट उतरून त्याच्या पाठीस लागले. २३ एप्रिलला फौज पनवेलास पोहोचली. त्या मोहिमेत तिचे चारशेंवर लोक ठार व जखमी झाले होते. रांग शेवटपर्यंत फुटली नव्हती, तरीही मोहीम बुडाली होती.

येथेच पटावरील नियमांची कसोटी लागते. केवळ फैरीत किती पडले एवढेच मोजणारा नियम असेल, तर गॉडर्ड प्रत्येक डावात जिंकेल आणि तो मागे का फिरला हे खेळणाऱ्यास कधीच उमगणार नाही. हलक्या फौजेचे खरे हत्यार वेळ हे आहे, आणि नियमांत त्याला जागा हवी. पांगलेल्या सोंगटीवर फैरीचा परिणाम थोडा धरावा. रांग चालून आल्यास तिला मागे सरण्याची मुभा असावी. पाठलाग करणाऱ्या रांगेस मात्र पुन्हा ओळ धरण्यासाठी एक पाळी खर्चावी लागावी. बैल व बुणगे यांच्या सोंगट्या वाटेवर लांबवर मांडाव्यात आणि फौज थांबेल त्या प्रत्येक दिवशी शिधा कमी व्हावा. झाडीत कोण दबा धरून आहे हे पंचासच ठाऊक असावे. हार-जीत ठरवावयाची ती किती तोफा, बैल आणि माणसे किती दिवसांत पनवेलास पोहोचली यावरून.

नकाशा निवडतानाही सावधगिरी हवी. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. खाडीकाठची जुनी जमीन आता डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे हा डाव मांडणाऱ्याने भराव पडण्यापूर्वीचे मोजणीचे नकाशे मिळवावेत आणि खाडी, खाजण, झाडी व घाटाची चढण त्यांवरून पटावर उतरवावी. सोंगट्या कितीही सुबक असल्या तरी जमीन खोटी असेल, तर त्या वाटेवर चारशेंवर माणसे का पडली, याचे उत्तर पट देणार नाही.