एका अनंताची पाच नावे

कृष्णविवराचे पहिले छायाचित्र २०१९ मध्ये जगाने पाहिले. त्यामागच्या आकडेमोडीत ‘नमपाय’ या सॉफ्टवेअर लायब्ररीचाही वाटा होता. लायब्ररी म्हणजे गणिती कामांचा तयार संच. प्रोग्रॅममध्ये योग्य नाव लिहिले की ते काम होते. पायथन भाषा वापरणारे अनेक शास्त्रज्ञ रोज नमपायवर विसंबून असतात.

मात्र या लायब्ररीत वर्षानुवर्षे नावांची अडगळ साचली होती. गुणाकारासाठी ‘प्रॉड’ही चाले आणि ‘प्रॉडक्ट’ही. अनंत या एका कल्पनेला तर पाच नावे होती: लहान अक्षरातले ‘इन्फ’, मोठ्या अक्षराने सुरू होणारे ‘इन्फ’, ‘इन्फिनिटी’, ‘इन्फ्टी’ आणि ‘पिन्फ’. नावे वेगळी म्हणजे अर्थही वेगळा असणार, असे नवख्याला वाटणे साहजिकच.

जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली. २००६ नंतरचा हा पहिलाच मोठा टप्पा. त्यात सुमारे शंभर नावे काढली गेली, हलवली गेली किंवा पुढे बाद होणार म्हणून जाहीर झाली. अनंतासाठी लहान अक्षरातले ‘इन्फ’ तेवढे उरले.

याची किंमतही होती. जुने नाव वापरणारा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर बंद पडतो. पण तो गुपचूप पडत नाही. पडद्यावर एरर येते, अनेकदा नवे नाव कोणते हेही त्यातच सांगितलेले असते. दुरुस्ती कंटाळवाणी असली तरी अवघड नाही.

खरी काळजी न बोलणाऱ्या बदलांची. याच आवृत्तीत संख्यांच्या अचूकतेचा एक नियम बदलला. ३२ बिटांच्या एखाद्या सुट्या संख्येत साधी दशांश संख्या मिळवली, तर पूर्वी उत्तर ६४ बिटांचे, म्हणजे सुमारे १५ अंकांपर्यंत अचूक मिळे. आता ते ३२ बिटांचेच राहते, म्हणजे साधारण सात अंकांपर्यंत. एरर येत नाही. फक्त शेवटचे अंक बदलू शकतात.

विज्ञानात निष्कर्ष दुसऱ्यालाही पडताळून पाहता आला पाहिजे. म्हणून शोधनिबंधात ‘नमपाय वापरले’ एवढे लिहून भागत नाही. कोणती आवृत्ती वापरली, तो क्रमांकही नोंदवावा लागतो. औषधाचे नाव लिहिले आणि मात्रा लिहिली नाही, तर ती चिठ्ठी अपुरीच.