नवतपा ते 6 डिसेंबर : दारातला हिरवा पाला

बर्गरमध्ये जो कुरकुरीत हिरवा पाला घालतात, त्याला लेट्युस म्हणतात. आता त्याच्या बियांची पाकिटे मिळतात आणि घरातली तरुण मुले ती हौसेने आणतात. पण एप्रिल-मेमध्ये वर्ध्यात हे बी पेरले तर पैसे मातीत गेले म्हणून समजा. लेट्युस थंड हवेचा आहे. माती तीस अंशांच्या वर तापली की बहुतेक जातींचे बी झोपून राहते. एखादे उगवलेच, तर ते लवकर दांडा काढून फुलावर येते आणि पाने कडू होतात. आपल्याकडे तर पारा 45 च्या पुढे जातो.

म्हणून आम्ही म्हणतो, उन्हाळा आपल्या पाल्याचा आणि हिवाळा लेट्युसचा.

14 एप्रिलची जयंती झाली की बाजारात पालेभाजी महाग आणि मलूल होत जाते. घरातल्या बाईच्या ताटातून ती सगळ्यात आधी जाते, हे आपण सगळेच पाहतो. याच दिवसांत चवळाई, लाल माठ आणि चिवळ मात्र नीट वाढतात. माठाचे बी मोहरीपेक्षाही बारीक असते, ते मूठभर राखेत किंवा वाळूत मिसळून फेकावे. महिन्याभरात कापणी येते आणि बुडखा ठेवून कापले तर पुन्हा फुटते. चिवळीला बीसुद्धा लागत नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार काड्या ओल्या मातीत खोचल्या की त्या पसरतात.

सांदवाडी नसेल तर फुटकी बादली, घमेले किंवा चुंगडी चालते. बुडाला भोके पाडा आणि अर्धी माती, अर्धे कुजलेले शेणखत भरा. रंगाचे किंवा फवारणीच्या औषधाचे डबे कितीही धुतले तरी वापरू नका. काळी कुंडी उन्हात तापून मुळे भाजते, तिला जुने पांढरे फडके गुंडाळा. नवतप्यात दुपारचे ऊन अडवायला वर पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा मांडव पुरतो, जुनी सुती साडीही चालते. पाणी सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चांगले, साबणाचे नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

नालीच्या पाण्यावर वाढवलेली भाजी दिसायला हिरवीगार असते, पण त्यातून टायफॉइड, जंत आणि हगवण घरात येते. शिजवल्यावर धोका बराच कमी होतो. लेट्युस कच्चा खातात, म्हणून त्याला नळाचे स्वच्छ पाणीच हवे. खाण्याआधी पाने सुटी करून पिण्याच्या पाण्याने तीनदा धुवावी. पाण्याची खात्री नसेल तर गरोदर बाईने आणि लहान मुलांनी कच्चा पाला खाऊ नये.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, अंबाडी जोमात येते आणि कोवळा तरोटा आपोआप उगवतो. 1935 च्या सुमारास इथल्याच मगनवाडीत गांधीजींनी कच्चा हिरवा पाला खाण्याचे प्रयोग केले आणि त्यावर लिहिलेही. आपल्या आज्यांना प्रयोगाची गरज नव्हती. मजुरीवरून येताना त्या ओटीत तरोटा आणि चिवळ घेऊन येत. पुढे तेच गरिबीचे लक्षण ठरले आणि आपण त्याची लाज धरली. लाज सोडून द्यावी असे आम्हाला वाटते, कारण पोषणात चवळाई आणि मुनग्याचा पाला लेट्युसच्या कितीतरी पुढे आहेत.

14 ऑक्टोबर उलटून रात्री गार झाल्या की मेथी, पालक, सांबार पेरा. सांबाराचे धणे रगडून दोन फाका करून पेरावे. लेट्युसही आताच. बी ओल्या फडक्यात गुंडाळून एक-दोन दिवस गार जागी ठेवा, मग मातीवर नुसते भुरभुरा. खोल पुरू नका, त्याला उगवताना उजेड लागतो. तीन-चार आठवड्यांनी रोपे वीतभर अंतरावर लावा. बाहेरची पाने खुडत राहिले तर 6 डिसेंबरपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत पाला मिळतो. फेब्रुवारीअखेर तो कडवट होतो, तेव्हा उपटून तिथे माठ टाका.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीतले लोह मटण-कलेजीतल्या लोहाइतके सहज अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळले तर ते जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते, तासभर थांबावे. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या भाजीने भरून येत नाही. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात.

पण आपल्या घरांत आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल जास्त आढळतो. त्यातला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून लवकर फुटतात म्हणून तो होतो. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. त्याला नव्या पेशी तयार करायला फोलिक ॲसिड लागते, ते हिरव्या पाल्यात असते, तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडायची नाही. उन्हाळ्यात त्याने पाणी भरपूर प्यावे, शरीर सुकले की दुखणे उसळते. मूल वारंवार सांधे दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. पहिली चाचणी साधी आहे. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून आजार आहे की फक्त वाहकपण, ते कळते. लग्न जुळवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांनीही ती करावी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.